विटलं, विरलं, उसवलं, झिजलं: इंग्रजीत काय म्हणाल?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की ‘ओल्ड’ या शब्दानं वस्तूचं वय कळतं, तिची दशा कळत नाही. एवढ्या एका ओळीवर पत्रांचा ढीग आला. सदर नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगतो: मी नाशिकचा, निवृत्त विमा सर्वेक्षक. जळालेली गोदामं, भिजलेल्या कापसाच्या गाठी, पुरातून वर काढलेल्या मोटारी दिवसा बघायच्या आणि संध्याकाळी बसून इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा, ही माझी नोकरी. त्यात एक प्रश्न कायम पाठीशी असायचा: ही वस्तू या घटनेत खराब झाली, की आधीपासूनच अशी होती? जुन्या, वापरलेल्या वस्तूंची इंग्रजी विशेषणं मी पोटापाण्यासाठी शिकलो. त्यामुळे उत्तरांना गोदामाचा वास येईल, तो चालवून घ्या.

प्रश्न: मी कथांचा अनुवाद करते. शॅबी, टॅटर्ड, फ्रेड, थ्रेडबेअर या चारही शब्दांना शब्दकोशात ‘जीर्ण, फाटका, जुनाट’ असंच दिलंय. खरंच फरक आहे, की लेखक हौसेनं शब्द बदलत राहतात? आणि ‘शॉडी’ यातच बसतो का?
— एक अनुवादिका, कराड

उत्तर: फरक आहे आणि तो एका सदऱ्यावर दाखवता येतो. घरातला रोज वापरून झालेला सदरा घ्या. कॉलरची घडी बघा. जिथे मान घासते तिथे कड विसकटून दोऱ्यांचे बारीक तुरे बाहेर आलेत. ही कॉलर ‘फ्रेड’. पूर्वी शिंपी अशी कॉलर उसवायचा, उलटी करून पुन्हा शिवायचा आणि सदऱ्याचं आयुष्य वाढायचं. आता कोपर बघा. भोक पडलेलं नाही, पण उजेडाकडे धरलं तर उभे-आडवे धागे दिसतात. हे ‘थ्रेडबेअर’, आपण ‘विरलं’ म्हणतो ते. हा शब्द मुळात लोकरी कापडाचा. वरची लव घासून गेली की खालचा ताणाबाणा उघडा पडतो. म्हणूनच हजारदा ऐकलेल्या सबबीलाही इंग्रज थ्रेडबेअर म्हणतो.

सदरा खिळ्याला अडकून फाटला तर तो नुसता ‘टोर्न’. फाटून फाटून लक्तरं लोंबायला लागली तरच ‘टॅटर्ड’. धुऊन धुऊन रंग गेला तर ‘फेडेड’. शालीला किंवा गरम कोटाला कसर लागून भोकं पडली तर ‘मॉथ-ईटन’. हे सगळे शब्द बोट ठेवून दाखवता येतात.

‘शॅबी’ तसा नाही. तो एका जागेचा शब्द नाही, एकूण अवकळेचा आहे. कोट कुठेही फाटलेला नसेल, तरी कळकट, कळाहीन झाला की तो शॅबी. खोली शॅबी असते, हॉटेल शॅबी असतं, आणि कोणी कोणाशी कोतेपणानं वागलं तर ती वागणूकही शॅबी. म्हणून जपून वापरा. पाहुण्याच्या घराला शॅबी म्हणालात तर तुम्ही सोफ्याबद्दल बोललात असं तो समजणार नाही. ‘शॅबी-जेंटील’ असा एक जोडशब्दही तुमच्या कथांमध्ये भेटेल. पैसा गेलाय पण अब्रू सांभाळायचीय, असा माणूस. एकोणिसाव्या शतकात लंडनला विटलेल्या काळ्या कोटावर फासायला ‘रिव्हायव्हर’ नावाचा द्रव मिळायचा. कोट पुन्हा काळाभोर दिसे, आणि पावसात भिजला की पितळ उघडं. अनुवाद करताना तिथे ‘जीर्ण कोट’ लिहिलंत तर तो माणूस नुसता गरीब होईल. त्याची धडपड वाचकाला दिसणार नाही.

‘शॉडी’चा अर्थ आज ‘हलक्या दर्जाचं, कसंतरी केलेलं’. नवीकोरी वस्तूही शॉडी असू शकते, म्हणून तो तुमच्या यादीतला नाही. पण त्याचा जन्म मात्र चिंध्यांतलाच. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या बॅटली गावी १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉनं जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढलं. या मालाचं नाव शॉडी. पुढे १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत सैनिकांना अशा कापडाचे गणवेश मिळाले, ते अंगावरच फाटू लागले, आणि मालाचं नाव शिवी झालं. हा धंदा आज कुठे जोरात चालतो माहीत आहे? पानिपतला. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं. कापडवाल्याला पाश्चात्त्य देशांतून गठ्ठ्यांनी येणारे जुने स्वेटर आणि कोट आठवतात. त्यांची बटणं-चेन काढून, रंगांप्रमाणे निवड करून, पिंजून सूत निघतं आणि त्याची स्वस्त घोंगडी-ब्लँकेटं होतात. पूर-भूकंपात मदत म्हणून वाटतात ती ब्लँकेटं बऱ्याचदा यातलीच असतात. तिथले व्यापारी बिलावर ‘शॉडी यार्न’ असं सरळ लिहितात, त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही.

प्रश्न: इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडून जुनं पुस्तक ऑनलाइन मागवलं. वर्णनात ‘गुड कंडिशन, स्लाइटली फॉक्स्ड, कॉर्नर्स बम्प्ड, स्पाइन सन्ड’ असं होतं. ‘गुड’ वाचून पैसे भरले. आलं ते पुस्तक कोपरे चेपलेलं, पाठीचा रंग उडालेला, पानांवर तांबूस ठिपके. ही फसवणूक नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: नाही. विक्रेत्यानं जे जे लिहिलं ते ते सगळं पाठवलं. गफलत ‘गुड’नं केली.

जुन्या पुस्तकांच्या बाजारात ‘गुड’ म्हणजे चांगलं नव्हे. अमेरिकेत या व्यापाराचं ‘एबी बुकमन’ नावाचं एक साप्ताहिक निघायचं. त्यानं १९४९ मध्ये पुस्तकाच्या अवस्थेच्या पायऱ्या ठरवून सुचवल्या, त्या थोड्याफार फरकानं आजही चालतात. वरून खाली अशा: फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. यातल्या गुडचा अर्थ एवढाच की पुस्तक सर्वसाधारण वापरलेलं, झिजलेलं आहे आणि पानं सगळी आहेत. ‘फेअर’मध्ये मजकूर पूर्ण असतो, पण सुरुवातीची-शेवटची कोरी पानं गेलेली चालतात. ‘पुअर’ म्हणजे वाचता येईल इतपत शिल्लक. आपल्याकडे मुलगी बघायला गेल्यावर ‘स्वभावानं चांगली आहे’ म्हणतात, तसा हा गुड. ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं.

नाणी जमवणाऱ्यांचं तर याहून वाईट. विल्यम शेल्डन यांनी त्याच १९४९ साली १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली, ती आजही वापरात आहे. तिच्यावर ‘गुड’ नाणं कुठे बसतं? ४ वर! सत्तरपैकी चार. मुखवट्याची बाह्यरेषा तेवढी ओळखू येते, बाकी सपाट. ‘फाइन’सुद्धा १२ वरच येतं. टांकसाळीतून निघाल्यासारखं कोरं हवं तर ६० च्या पुढे जावं लागतं.

आता तुमच्या पुस्तकावरचे बाकीचे शब्द. ‘फॉक्स्ड’ म्हणजे कागदावर आलेले तांबूस-तपकिरी ठिपके. कोल्ह्याच्या रंगावरून हे नाव पडलं असं सांगतात. कारणं दोन धरली जातात, कागदातले लोखंडाचे कण आणि बुरशी. दमट हवेत दोन्हींना बरकत. कोकणात पुस्तकं ठेवणाऱ्यांना हा शब्द शिकवावा लागणार नाही. ‘सन्ड’ म्हणजे उन्हानं विटलेलं. कपाटात उभ्या पुस्तकाची पाठच उजेडाकडे असते, म्हणून पाठ विटते आणि पुठ्ठ्याचा रंग तसाच राहतो. ‘बम्प्ड’ म्हणजे कोपरा कुठेतरी आपटून आत दबलेला, ‘रब्ड’ म्हणजे शेजारच्या पुस्तकाला घासून पृष्ठभागाची चकाकी गेलेलं, ‘चिप्ड’ म्हणजे वेष्टणाच्या कडेचे बारीक तुकडे उडालेले. ‘शेकन’ असेल तर सावध व्हा: बांधणी सैल झालीय, पानं पुठ्ठ्यात हलतात. ‘वर्म्ड’ म्हणजे किड्यानं आरपार भोकं पाडलेली. ‘एक्स-लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालयाचे शिक्के, खिसा, नंबर सगळं आहे, आणि असं असेल तर ते सांगितलंच पाहिजे असा या धंद्यातला दंडक आहे.

‘डॉग-इअर्ड’ मात्र विक्रेत्यापेक्षा वाचकाचा शब्द. खुणेसाठी पानाचे कान मुडपायची सवय असलेले लोक आपल्या घरात असतातच. माझ्या घरातही आहेत, नाव घेत नाही. पान न मुडपता नुसतं हाताळून हाताळून मऊ, किंचित मळकं झालं तर ‘वेल-थम्ड’. हा कौतुकाचा शब्द आहे. कोणी तुमचा शब्दकोश बघून ‘वेल-थम्ड’ म्हणालं तर खुशाल छाती फुगवा.

पुढच्या वेळी ‘व्हेरी गुड’च्या खाली उतरू नका आणि फोटो मागवा.

प्रश्न: स्कूटरचा अपघात झाला. विम्याचा दावा केला तर सर्वेक्षकानं टायरसमोर ‘वॉर्न आउट’ लिहून पैसे कापले. मी म्हटलं, टायर ‘वॉर्न’ आहे, ‘आउट’ कुठे? तुम्हीही त्याच धंद्यातले, तुम्ही काय म्हणता?
— एक वाचक, जळगाव

उत्तर: तुमचा मुद्दा भाषेच्या दृष्टीनं शंभर टक्के बरोबर आहे. ‘वॉर्न’ म्हणजे झिजलेलं, पण अजून कामाचं. ‘वॉर्न आउट’ म्हणजे कामातून गेलेलं. जिना रोजच्या पावलांनी वॉर्न असतो आणि आणखी शंभर वर्षं चालतो. टायरवर नक्षी दिसत असेल तर तो वॉर्न. गॅरेजवाला ‘टायरचा पार गोटा झालाय’ म्हणतो तेव्हा तो वॉर्न आउट; इंग्रज तर त्याला ‘बॉल्ड’, म्हणजे टकलाच म्हणतो.

पण पैशांचं गणित या एका शब्दावर नाही. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांवर नेहमीच्या मोटार पॉलिसीत सरसकट ५० टक्के घसारा, म्हणजे वापरानं उतरलेली किंमत, धरतात, टायर कालच बसवला असला तरी. फायबरच्या भागांवर ३० टक्के, काचेवर शून्य. लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, मग १५, २५, ३५; पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० आणि त्यापुढे ५०. ‘झिरो डेप’ची जोड पॉलिसी घेतली असेल तर बहुतेक भागांवर हा घसारा कापत नाहीत, पण टायर त्यात धरलेला असेलच असं नाही, म्हणून आधी तुमची पॉलिसी काढून बघा. निम्मे कापले असतील तर ते नियमानं. टायरचा एक पैसाही दिला नसेल, तर मात्र ‘वॉर्न आउट’वर हरकत घ्या. लेखी घ्या आणि टायरचा फोटो जोडा.

पॉलिसीत ‘वेअर अँड टेअर’ असा शब्दप्रयोग असतो, तो नीट वाचत जा. वापरातून आपोआप होणारी झीज, जिला कोणाचाही दोष नाही. तिचे पैसे विमा देत नाही. एकदा मालेगावला यंत्रमागाच्या शेडमध्ये आग लागली होती. मालकानं सगळे माग जळाले म्हणून यादी दिली. कोपऱ्यातल्या एका मागाच्या दांड्यावर गंजाचा जाड थर, वर कोळ्याची जाळी, आणि ती जाळी शाबूत. मी रिपोर्टमध्ये एवढंच लिहिलं: ‘रस्टेड अँड डिसयूज्ड’. गंजलेला आणि वापरात नसलेला. आगीत गंज चढत नाही, आणि जाळी टिकत नाही. मालकानं चहा मागवला, विषय बदलला.

प्रश्न: मुलानं गुडघ्यावर फाटलेली जीन्स आणली, नव्या जीन्सपेक्षा महाग. लेबलवर ‘डिस्ट्रेस्ड’. डिस्ट्रेस म्हणजे संकट ना? संकट कोणावर, पँटवर की माझ्यावर?
— एक वडील, डोंबिवली

उत्तर: तूर्त तुमच्यावर. पण एके काळी ते खरोखर तिसऱ्याच माणसावर होतं, म्हणून या पत्राला जरा जास्त जागा देतो.

‘डिस्ट्रेस्ड’ म्हणजे मुद्दाम जुनं केलेलं. फर्निचरच्या धंद्यात नव्या लाकडावर साखळीनं ठोकून खळगे पाडतात, कडा घासतात, किड्याची भोकं टोच्यानं पाडतात, दोन रंग देऊन वरचा जागोजागी खरवडतात. मुंबईच्या चोरबाजारात फिरताना हे ज्ञान उपयोगी पडतं. खरी झीज हात लागतो तिथेच असते: खुर्चीच्या हाताच्या टोकाला, खणाच्या मुठीभोवती, पुढच्या दांडीवर जिथे पाय टेकतात तिथे. सगळीकडे सारखी झीज दिसली तर ती कारागिरानं केलेली समजा. घरभर अशी रंग उडालेली पांढुरकी कपाटं मांडायच्या फॅशनला ‘शॅबी शिक’ म्हणतात. रेचल अ‍ॅशवेल यांनी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाला याच नावाचं दुकान काढलं आणि शब्द जगभर गेला. वर शॅबीबद्दल मी जो इशारा दिलाय, तो तेवढ्या एका जोडशब्दाला लागू नाही.

आता जीन्स. तुमच्या मुलाच्या पँटीवर मांडीला मिशीसारख्या फिकट रेघा असतील. त्यांना कारखान्यात ‘व्हिस्कर्स’च म्हणतात. बसून-उठून कापडाला ज्या चुण्या पडतात त्यांची ही नक्कल. कापड मऊ करायला ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड घालून पँटी मोठ्या यंत्रात धुतात, तो ‘स्टोनवॉश’. आणि ठरावीक जागी रंग उडवण्यासाठी पूर्वी दाबाच्या हवेनं वाळूचा झोत मारत. बंद खोलीत, नाकाला फडकं बांधून. त्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. दगडखाणीत हा रोग जडायला बहुधा वर्षानुवर्षं लागतात, पण तुर्कस्तानातल्या जीन्सच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कोवळ्या पोरांना तो थोडक्या काळात जडला. काही दगावले. २००९ मध्ये तुर्कस्ताननं जीन्सवर वाळू मारायला बंदी घातली, मग मोठ्या कंपन्यांनीही हळूहळू ती पद्धत सोडल्याचं जाहीर केलं. आता लेझरनं रंग जाळतात किंवा पॉलिश पेपरनं हातानं घासतात. तरी किमतीचं कोडं एवढंच आहे: साधी जीन्स शिवली की संपली, तुमच्या मुलाची शिवल्यावर पुन्हा चार माणसांनी खराब केलीय. त्या मजुरीचे पैसे तुम्ही भरलेत.

जाता जाता: जागांच्या जाहिरातीत ‘डिस्ट्रेस सेल’ दिसतो त्याचा जुनेपणाशी संबंध नाही. मालक अडचणीत आहे, पडेल भावात विकतोय, एवढंच. तेही खरं असेलच असं नाही.

प्रश्न: वर्गात ‘रॅग्ड’ म्हणायचं की ‘रॅगेड’? मुलं मोबाइलवर ऐकून मला दुरुस्त करतात.
— एक शिक्षिका, वाशीम

उत्तर: मुलांचं ऐका. ‘रॅगिड’, दोन अवयव. तसंच ‘रगिड’. ‘एज्ड’ची गंमत म्हणजे ते दोन तऱ्हांनी चालतं: म्हाताऱ्या माणसासाठी ‘एजिड’, आणि मुरवलेल्या चीजसाठी किंवा ‘वय वर्षे साठ’ म्हणताना ‘एज्ड’. ‘फ्रेड’ एकाच अवयवाचा. ‘वॉर्न’ म्हणजे झिजलेला आणि ‘वॉर्न’ म्हणजे इशारा देणे, दोघांचा उच्चार एकच, स्पेलिंग वेगळं. आणि ‘डिक्रेपिट’च्या शेवटी ‘ट’ आहे. ‘डिक्रेपिड’ असा शब्द नाही, जरी तो बऱ्याच अर्जांत मी वाचलाय.

प्रश्न: आमची गिरगावातली चाळ. महापालिकेला आणि दुरुस्ती मंडळाला इंग्रजीत पत्र द्यायचंय. एक भाडेकरू म्हणतात ‘रॅमशॅकल’ लिहा, दुसरे म्हणतात ‘रिकेटी’, तिसरे ‘डिलॅपिडेटेड’. कमिटीत वाद आहे.
— चाळ समितीचे चिटणीस, मुंबई

उत्तर: तिसऱ्यांचं ऐका. ‘डिलॅपिडेटेड’ हा इमारतींचा, कागदोपत्री चालणारा शब्द आहे. डागडुजी न झाल्यानं मोडकळीला आलेली वास्तू. इंग्लंडात भाडेकरार संपताना जागेच्या बिघाडांची जी यादी करतात तिला आजही ‘डिलॅपिडेशन्स’च म्हणतात. ‘रॅमशॅकल’ म्हणजे कशीबशी उभी असलेली, आज पडेल की उद्या. गोष्टीत शोभेल, अर्जात नाही. ‘रिकेटी’ लहान, डगमगणाऱ्या वस्तूंना: खुर्ची, शिडी, तुमचा जिना. मुडदूस झालेल्या मुलाच्या पायांवरून तो आला, रोगाचं इंग्रजी नावच ‘रिकेट्स’. ‘रन-डाउन’ वस्तीला किंवा इमारतीला म्हणतात, पण त्यात धोका येत नाही, फक्त दुर्लक्ष येतं.

पण चिटणीससाहेब, विशेषणावर खल करत बसू नका. महापालिका इमारतींची वर्गवारी करते, त्यात ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य. ती स्ट्रक्चरल ऑडिटवरून ठरते, आणि तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला ते ऑडिट कायद्यानंच करून घ्यावं लागतं. तुमची चाळ उपकरप्राप्त असेल, म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची आणि उपकर भरणारी, तर दुरुस्ती मंडळाची जबाबदारी येते. पत्रात लिहा: दुसऱ्या मजल्यावरच्या सज्जाच्या लाकडी तुळईला वाळवी लागलीय, मोरीखालच्या आय-बीमचे गंजून पापुद्रे निघालेत, जिन्याच्या चौथ्या पायरीचा आधार सुटलाय. तारीख घाला, फोटोंना नंबर द्या. ‘व्हेरी व्हेरी डिलॅपिडेटेड’ लिहिल्यानं इंजिनिअर लवकर येत नाही. तुळईच्या फोटोनं येण्याची शक्यता थोडी तरी जास्त.

आणि एक: सी-१ ठरली तर घर रिकामं करण्याची नोटीस येते. ‘अतिधोकादायक’ हा शब्द हवा की ‘दुरुस्तीयोग्य’, हे कमिटीनं पत्र लिहायच्या आधी ठरवावं.

प्रश्न: आजीचं तांब्याचं घंगाळ, पितळी समई आणि पानाचा डबा विकायचाय. जाहिरातीत ‘अँटिक’ लिहू की ‘व्हिंटेज’? आणि चिंचेनं लख्ख घासून फोटो काढू ना?
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर: चिंच खाली ठेवा!

तांब्या-पितळेवर वर्षानुवर्षांत जो गडद, मऊ झाक असलेला थर येतो त्याला ‘पॅटिना’ म्हणतात, आणि जुन्या वस्तू घेणारा त्याच थराचे पैसे मोजतो. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता १८८६ मध्ये उभी राहिली तेव्हा तांब्याच्या रंगाची होती. हिरवी झाली ती हवेनं, आणि तो हिरवा थरच खालच्या जेमतेम अडीच मिलिमीटर पत्र्याला राखतोय. चांदी काळवंडली तर मात्र ‘टार्निश्ड’, त्यात कौतुक नाही. लोखंडाला गंजानं खड्डे पडले तर ‘पिटेड’. घंगाळाला पोचे आले असतील तर ‘डेंटेड’ लिहा, लपवू नका. ‘बॅटर्ड’ लिहू नका, त्यात मार खाल्ल्याचा अर्थ येतो. डब्याच्या आत कळंक असेल तर तोही सांगा, घेणारा त्यात पान ठेवेल.

‘अँटिक’ म्हणजे बाजारात ढोबळमानानं शंभर वर्षांपुढचं. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यातही शंभर वर्षांची अट आहे, हस्तलिखितांना पंचाहत्तर. त्या व्याख्येत बसणारी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. तेव्हा आजीचं घंगाळ खरंच पणजीच्या लग्नातलं असेल, तर परदेशी गिऱ्हाइकाला हो म्हणण्याआधी चौकशी करा. ‘व्हिंटेज’ला असा एकच नियम नाही. ब्रिटिश मोटारवाले १९१९ ते १९३० च्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतात. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज ठरवून नंबरात ‘व्हीए’ अक्षरं दिली. भांड्यांना कोणी काही ठरवलेलं नाही, त्यामुळे पानाच्या डब्याला व्हिंटेज म्हणायला हरकत नाही. ‘प्री-लव्ह्ड’ मात्र लिहू नका. ते वापरलेल्या पर्सला ठीक आहे. समईला कोणी ‘आधी प्रेम केलेली’ म्हटलं तर आजी वरून बघेल.

प्रश्न: समालोचक चेंडूला ‘स्कफ्ड’ म्हणतात आणि खेळपट्टीला ‘वॉर्न’. दोन्ही झिजलेच ना?
— इयत्ता नववीतला वाचक, परभणी

उत्तर: शाब्बास, नेमकं ऐकलंस. ‘स्कफ्ड’ म्हणजे घासून, खरचटून वरचा थर गेलेला. बुटाचं टोक जमिनीवर घासलं की जी पांढरट रेघ उठते ती स्कफ. चेंडूची लकाकी कठीण मैदानावर आपटून, सीमारेषेवरच्या जाहिरातफलकांवर आदळून जाते. एक बाजू अशी खरखरीत होऊ द्यायची, दुसरी पँटीला घासून चकचकीत ठेवायची, मग जुना चेंडू रिव्हर्स स्विंग होतो. ही झीज आपोआप व्हायला हवी. नखानं किंवा बाटलीच्या झाकणानं केली तर पाच धावांचा दंड. थुंकी लावायलाही २०२२ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत कायमची बंदी आहे. कसोटीत ८० षटकं झाली की नवा चेंडू मागता येतो.

खेळपट्टी ‘वॉर्न’ होते ती पावलांनी. गोलंदाज चेंडू टाकून पुढे धावतो, त्याच्या बुटांच्या खिळ्यांनी जे खरबरीत पट्टे पडतात त्यांना ‘रफ’ म्हणतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी फिरकीवाले नेमके तिथेच टप्पा टाकतात. माती सुटायला लागली की ‘क्रम्बलिंग’. चेंडूला कोणी क्रम्बलिंग म्हणत नाही. म्हटलं तर पंचांनी तो आधीच बदललेला असतो.